ऑनलाइन पटावरच्या खेळांतले नियमभेद: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बुद्धिबळ, गो, ड्राफ्ट्स, कटान, रिस्क, डिप्लोमसी. खेळ ओळखीचा असतो, पण साइट बदलली की एखादा नियम वेगळाच निघतो आणि तोही नेमका आपल्याला महागात पडेल अशा वेळी. समोरासमोर खेळताना वाद झाला तर चार डोकी एकत्र येऊन तोडगा काढतात. सर्व्हर वाद घालत नाही, निकाल लावून मोकळा होतो. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून ठेवतो: बहुतेक नियमभेद मांडणीत दिसत नाहीत, ते डाव संपताना डोके वर काढतात. म्हणून नव्या टेबलावर बसताना डाव कसा सुरू होतो यापेक्षा तो कसा संपतो, हे आधी पाहावे.

एकाच खेळाचे नियम वेगवेगळ्या साइटवर वेगळे का असतात?

काही खेळांचे मुळात एकच असे नियम कधी नव्हतेच. ड्राफ्ट्स, म्हणजेच चेकर्स, त्यातला ठळक. निरनिराळ्या देशांत तो निरनिराळ्या प्रकारे खेळला गेला आणि ते सगळे प्रकार आजही जिवंत आहेत. साइट त्यांतला एक निवडते, कधी कधी कोणता निवडला ते सांगायलाही विसरते.

दुसरे कारण पंचाचे. संघटनांचे अधिकृत नियम पंच हजर आहे असे धरून लिहिलेले असतात. बुद्धिबळात तीच स्थिती तिसऱ्यांदा आली की खेळाडूने बरोबरीचा दावा करायचा आणि पंचाने तो तपासायचा, असा फिडेचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाचा, नियम आहे. ऑनलाइन खेळात पंचाच्या जागी प्रोग्राम असतो. त्याने स्वतःहून डाव थांबवायचा की खेळाडूने बटण दाबायची वाट पाहायची, हे बनवणाऱ्यांना ठरवावे लागते आणि प्रत्येकाने आपापल्या परीने ते ठरवले आहे.

तिसरे कारण साधे आहे: वेग. टेबलावर दोन तास चालणारा खेळ पडद्यावर वीस मिनिटांत संपावा म्हणून काही पायऱ्या गाळल्या जातात, काही निर्णय आपोआप होतात.

बुद्धिबळात प्रतिस्पर्ध्याची वेळ संपली, माझी शिल्लक होती, तरी बरोबरी का दिली?

सगळ्यात जास्त चिडचीड या प्रश्नावरून होते. वेळ संपली म्हणजे हार, हे अर्धेच खरे आहे. ज्याची वेळ शिल्लक आहे त्याच्याकडे मात करण्याइतके मोहरे हवेत. 'मात करण्याइतके' म्हणजे किती, यावर मात्र दोन मते आहेत.

फिडेचे म्हणणे असे: नियमात बसणाऱ्या कोणत्याही चालींनी, अगदी प्रतिस्पर्ध्याने मूर्खासारखे खेळून मदत केली तरीसुद्धा, मात होणे शक्यच नसेल तर बरोबरी. मात शक्य असेल तर वेळ संपलेला हरला. दुसरी पद्धत नुसते मोहरे मोजते: राजासोबत एकटा घोडा किंवा एकटा उंट असेल तर जिंकायला पुरेसे नाही, डाव बरोबरीत.

उदाहरण पाहा. पांढऱ्याकडे राजा आणि घोडा. काळ्याकडे राजा आणि ए-पट्टीतले एक प्यादे. काळ्याची वेळ संपली. एकटा घोडा मात कशी करणार, असे वाटते. पण काळा राजा ए१ वर, त्याचेच प्यादे ए२ वर, पांढरा राजा सी१ वर आणि घोडा बी३ वर अशी स्थिती कल्पा. घोड्याचा शह आहे, बी१ आणि बी२ ही घरे पांढऱ्या राजाच्या ताब्यात आहेत आणि ए२ वर स्वतःचेच प्यादे वाट अडवून बसले आहे. मात! म्हणजे मात शक्य आहे आणि फिडेच्या नियमाने पांढरा जिंकला. लिचेस ही बुद्धिबळाची साइट हाच मार्ग धरते. चेस डॉट कॉम या दुसऱ्या साइटवर मोहरे मोजण्याची पद्धत आहे, तिथे अशा वेळी बरोबरी मिळते. गंमत म्हणजे काळ्याकडे प्यादेही नसते, नुसता राजा असता, तर दोन्हीकडे बरोबरीच झाली असती. जास्त सैन्य असल्यामुळे हरणे फिडेच्या नियमात शक्य आहे.

मला स्वतःला फिडेची बाजू पटते, कारण ती तर्काला धरून आहे. पण ज्याच्याकडे फक्त एक घोडा उरला आहे त्याने घड्याळाच्या जोरावर पूर्ण गुण नेणे अनेकांना रडीचा डाव वाटतो, आणि त्यांनाही चूक म्हणता येत नाही.

तीच स्थिती पुन्हा पुन्हा येत राहिली तर काय होते?

हे पूर्णपणे खेळावर अवलंबून आहे. एका खेळाची सवय दुसऱ्यात नेली की फटका बसतो.

बुद्धिबळात तिसऱ्यांदा स्थिती आली की दावा करता येतो. पाचव्यांदा आली की कोणी काही न म्हणताही डाव बरोबरीत संपतो. प्यादे न हलवता आणि काही न मारता दोघांच्या पन्नास-पन्नास चाली झाल्या तर दावा करता येतो, पंचाहत्तर झाल्या तर डाव आपोआप संपतो. हे आपोआप संपण्याचे दोन्ही नियम फिडेने २०१४ मध्ये आणले. चेस डॉट कॉम तिसऱ्याच वेळी स्वतःहून डाव थांबवते. लिचेसवर दावा करावा लागतो. मात्र तिथल्या सेटिंगमध्ये 'दावा आपोआप करा' असा पर्याय आहे: नेहमी, कधीच नाही, किंवा वेळ तीस सेकंदांच्या खाली गेली की. जिंकत असलेला खेळाडू चुकून तिसऱ्यांदा तीच स्थिती आणतो आणि डाव हातचा जातो, हे ऑनलाइन बुद्धिबळात रोजचे आहे. तिथे 'माझ्या लक्षात नव्हते' चालत नाही.

शियांगची, म्हणजे चिनी बुद्धिबळ. यात सतत शह देत राहणाऱ्यालाच चाल बदलावी लागते, नाही बदलली तर तो हरतो. हरण्याच्या बेतात असताना सततच्या शहाने बरोबरी वाचवण्याची बुद्धिबळातली युक्ती इथे उलटते. एखाद्या मोहऱ्याचा सतत पाठलाग करण्यावरही बंदी आहे, पण 'पाठलाग' नेमका कशाला म्हणायचे याचे नियम इतके किचकट आहेत की वेगवेगळ्या संघटनांचे निवाडे वेगळे येतात. सर्व्हरही त्यामुळे वेगळे वागतात.

शोगीत, म्हणजे जपानी बुद्धिबळात, तीच स्थिती चौथ्यांदा आली की डाव रद्द होतो आणि बाजू बदलून पुन्हा खेळला जातो. पण ती पुनरावृत्ती सततच्या शहाने झाली असेल तर शह देणारा हरतो.

गोमध्ये तर पुनरावृत्तीचा प्रश्न मुळातच छाटला आहे. नुकतीच मारलेली एक सोंगटी लगेच परत मारता येत नाही, हा को नियम सगळीकडे आहे. काही नियमसंचांत त्याहून कडक सुपरको आहे: पटाची आधी होऊन गेलेली कोणतीही स्थिती पुन्हा आणायचीच नाही. जपानी नियमांत सुपरको नाही. म्हणून तिथे तीन को एकाच वेळी चालू राहून डाव फिरत बसला तर तो 'निकाल नाही' म्हणून संपवतात. असे क्वचित घडते, पण घडते.

शह नाही, पण चालायला एकही चाल नाही. मग कोण जिंकले?

बुद्धिबळात याला स्टेलमेट म्हणतात आणि निकाल बरोबरी. शियांगचीत चाल न उरलेला हरतो. ड्राफ्ट्समध्येही चाल न उरलेला हरतो. लिचेसवरच्या अँटीचेसमध्ये उलटे: चाल न उरलेला जिंकतो, कारण तिथे आपले सगळे मोहरे घालवणे हेच उद्दिष्ट आहे.

चेस ९६० मध्ये किल्लेकोट करताना राजा भलतीकडेच का उडी मारतो?

बॉबी फिशरने १९९६ मध्ये ब्युनोस आयर्समध्ये हा प्रकार जाहीर केला. मागच्या रांगेतले मोहरे दर डावाला वेगळ्या क्रमाने मांडायचे, म्हणजे पाठ केलेल्या सुरुवाती निकामी होतात. अटी दोनच: दोन उंट वेगवेगळ्या रंगांच्या घरांत हवेत आणि राजा दोन हत्तींच्या मध्ये हवा. ९६० हा आकडा त्यातूनच येतो. एका उंटाला चार घरे, दुसऱ्याला चार, म्हणजे १६. उरलेल्या सहा घरांपैकी एकात वजीर, म्हणजे ९६. उरलेल्या पाच घरांत दोन घोडे दहा प्रकारे बसतात, म्हणजे ९६०. शेवटच्या तीन घरांत हत्ती, राजा, हत्ती हा एकच क्रम शक्य आहे. नेहमीची मांडणीही या ९६० मध्ये येते, तिचा क्रमांक ५१८.

किल्लेकोटाचा, म्हणजे राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवण्याचा, नियम असा: राजा आणि हत्ती कुठूनही निघोत, पोचायचे ते नेहमीच्याच घरांत. राजा जी१ वर आणि हत्ती एफ१ वर, किंवा राजा सी१ वर आणि हत्ती डी१ वर. त्यामुळे राजा बी१ वर असला तरी छोट्या बाजूच्या किल्लेकोटात तो पाच घरे ओलांडून जी१ ला जातो. राजा एफ१ वर आणि हत्ती जी१ वर असेल तर दोघे नुसत्या जागा बदलतात. वाटेतली घरे रिकामी हवीत, राजा शहातून जाता कामा नये, हे नेहमीसारखेच. बहुतेक ठिकाणी किल्लेकोटासाठी राजा उचलून आपल्याच हत्तीवर टाकावा लागतो. हे माहीत नसल्यामुळे 'किल्लेकोट चालत नाही' अशी तक्रार येते.

हा निव्वळ गमतीचा प्रकार राहिलेला नाही. फिडेने त्याची जागतिक स्पर्धा २०१९ मध्ये घेतली, ती वेस्ली सो याने जिंकली. २०२२ ची हिकारू नाकामुराने जिंकली.

बुद्धिबळाचे बाकीचे प्रकार खेळण्यासारखे आहेत का?

आहेत, पण सगळे नाहीत. तीन शह या प्रकारात तिसरा शह देणारा जिंकतो. राजावर हल्ला करायला बिचकणाऱ्यांनी तो जरूर खेळावा, कारण फुकटचे शह देण्याला अचानक मोल येते. 'किंग ऑफ द हिल' मध्ये राजा पटाच्या मधल्या चार घरांपैकी एकात पोचला की जिंकला, त्यामुळे एंडगेममध्ये राजा पुढे आणायची सवय लागते. क्रेझीहाऊसमध्ये मारलेले मोहरे आपल्या रंगाचे होऊन हातात येतात आणि चालीऐवजी पटावर उतरवता येतात. याचे व्यसन लागते. मात्र त्यात इतके मुरू नका की साध्या बुद्धिबळातही हातात घोडा आहे असे वाटायला लागेल.

ॲटॉमिकमध्ये काही मारले की स्फोट होतो. मारणारा, मारलेला आणि भोवतालच्या आठ घरांतले प्याद्यांखेरीज सगळे मोहरे उडतात. पहिले काही डाव चारपाच चालींत हरायची तयारी ठेवा. होर्डमध्ये एका बाजूला ३६ प्यादी आणि दुसरीकडे नेहमीचे सैन्य. मला तो लवकर कंटाळवाणा वाटतो, पण त्याचे चाहतेही कमी नाहीत.

अँटीचेसमध्ये मारणे सक्तीचे. २०१६ मध्ये मार्क वॉटकिन्स यांनी संगणकाच्या मदतीने दाखवून दिले की पांढऱ्याने पहिली चाल ई३ खेळली तर तो हमखास जिंकू शकतो. अर्थात ती संपूर्ण वाट कोणी पाठ करून येत नाही, त्यामुळे खेळायला काहीच हरकत नाही.

ड्राफ्ट्समध्ये मला हवी ती चाल करूच देत नाही. बिघाड आहे का?

दहातल्या नऊ वेळा बिघाड नसतो, मारणे सक्तीचे असते. पटावर कुठेही मारता येत असेल तर बाकीच्या सगळ्या चाली बंद होतात. जुन्या काळी न मारणाऱ्याची सोंगटी दंड म्हणून उचलून न्यायची पद्धत होती. ती अधिकृत खेळातून गेली, सर्व्हरवर तर तिचा प्रश्नच येत नाही, कारण चुकीची चाल करताच येत नाही.

पण सक्ती किती, हे प्रकारागणिक बदलते. इंग्लिश किंवा अमेरिकन प्रकारात पट ८ बाय ८, प्रत्येकी १२ सोंगट्या, साधी सोंगटी फक्त पुढे मारते आणि राजा एकेकच घर चालतो. अनेक ठिकाणी मारता येत असेल तर कुठे मारायचे ते तुम्ही ठरवता. आंतरराष्ट्रीय प्रकारात पट १० बाय १०, प्रत्येकी २० सोंगट्या, साधी सोंगटी मागेही मारते, राजा तिरप्या रेषेत कितीही लांब जातो. आणि जास्तीत जास्त सोंगट्या मारणारीच वाट घ्यावी लागते. तीन मारता येत असताना दोन मारायला गेलात तर पट नकार देणार. प्रतिस्पर्धी मुद्दाम तीन सोंगट्या खायला घालून तुमची सोंगटी नको तिथे ओढून नेतो. या प्रकारातल्या सगळ्या सुंदर डावपेचांचे मूळ हेच.

रशियन प्रकार पुन्हा ८ बाय ८ वर, राजा लांब जाणारा, मारणे सक्तीचे पण जास्तीत जास्त मारण्याची अट नाही. मारता मारता सोंगटी शेवटच्या रांगेत पोचली तर तिथल्या तिथे राजा होऊन पुढे मारत सुटते. आंतरराष्ट्रीय प्रकारात मारणे चालू असताना शेवटची रांग नुसती ओलांडली तर राजेपद मिळत नाही, त्यासाठी मारणे त्याच रांगेत संपावे लागते. इंग्लिश प्रकारात त्या रांगेत पोचताच चाल संपते. एकच क्षण, तीन निकाल.

ब्राझिलियन प्रकार म्हणजे आंतरराष्ट्रीय नियम छोट्या पटावर. कॅनेडियन १२ बाय १२. टर्किशमध्ये तर तिरपे नाहीच, सरळ आणि आडवे चालायचे. साइटवर नुसते 'ड्राफ्ट्स' किंवा 'चेकर्स' लिहिले असेल तर पट किती घरांचा आहे ते बघा आणि पहिला राजा झाला की तो किती लांब जातो ते बघा. बाकीचा अंदाज त्यावरून येतो.

'हा खेळ सुटला आहे ना, मग खेळायचा कशाला?' असेही विचारतात. २००७ मध्ये जोनाथन शेफर यांच्या गटाने सोडवला तो ८ बाय ८ चा इंग्लिश प्रकार. दोघेही अचूक खेळले तर बरोबरी. बाकीच्या प्रकारांना तो निकाल लागू नाही.

गोमध्ये जपानी नियम निवडू की चिनी?

नवखे असाल तर चिनी, किंवा अमेरिकन संघटनेचे. कारण सांगतो.

जपानी पद्धतीत तुम्ही वेढलेली रिकामी जागा आणि पकडलेल्या सोंगट्या मोजल्या जातात. चिनी पद्धतीत वेढलेली जागा आणि पटावरच्या तुमच्या जिवंत सोंगट्या. नेहमीच्या डावात दोन्हीचा निकाल जवळपास सारखाच येतो, फार तर एका गुणाचा फरक. मग भांडण कशावरून? डावाच्या शेवटावरून.

समजा दोघांनाही डाव संपला असे वाटते आणि प्रतिस्पर्धी तुमच्या जागेत एक सोंगटी टाकतो. ती मेलेली आहे हे तुम्हाला दिसते. जपानी नियमांत तुम्ही उत्तर दिले तर एक कैदी मिळाला, पण आपल्याच जागेतले एक घर बुजले, हिशेब शून्य. उत्तर न देता पास म्हणालात तर एक गुण फायदा. म्हणजे उत्तर द्यायचे की नाही, हे तुम्हाला अचूक कळायला हवे. आणि ती सोंगटी खरोखर मेली आहे का, यावर वाद झाला तर पटावर खेळून सिद्ध करायला जाताना आपल्याच जागेत सोंगट्या घालून गुण गमवावे लागतात. म्हणून जपानी नियमांत हा निवाडा 'खेळले असते तर' अशा कल्पनेवर करतात. अनुभवी खेळाडूंना ते सोपे जाते, नवख्यांना नाही.

चिनी पद्धतीत आपल्या जागेत सोंगटी टाकली तरी काही जात नाही, कारण सोंगटीही एक गुण आणि रिकामे घरही एक गुण. वाद झाला? खेळा, मारून दाखवा, हिशेब तोच. अमेरिकन संघटनेच्या नियमांत पास म्हणताना एक सोंगटी समोरच्याला कैदी म्हणून द्यावी लागते आणि शेवटचा पास पांढऱ्याचा असावा लागतो. त्यामुळे कोणत्याही पद्धतीने मोजा, फरक तोच येतो. कोणीतरी डोके लावून बसवलेला नियम आहे हा.

दोघांनी पास दिला की सर्व्हर मेलेल्या सोंगट्या दाखवायला सांगतो, बऱ्याचदा स्वतःच अंदाज करून रंगवतो. तो अंदाज चुकतो. न बघता 'मान्य' दाबलेत तर निकाल तसाच नोंदला जातो.

कोमी कुठे ६.५ तर कुठे ७.५ असते, त्याने फरक पडतो का?

पडतो, पण सरळ नाही. काळा पहिला खेळतो म्हणून पांढऱ्याला भरपाई मिळते, ती कोमी. अर्धा गुण बरोबरी टाळण्यासाठी. जपान आणि कोरियात ६.५, चीनमध्ये ७.५. १९ बाय १९ च्या पटावर छेद ३६१, विषम संख्या. चिनी पद्धतीत सगळा पट मोजला जातो, त्यामुळे दोघांमधला फरक जवळपास नेहमी विषम येतो: पाच, सात, नऊ. मग कोमी ५.५ असो की ६.५, निकाल बहुधा तोच, कारण मध्ये सहा हा आकडा येतच नाही. चीनने कोमी वाढवली तेव्हा ५.५ वरून थेट ७.५ वर नेली, ती यामुळेच.

पहिल्या खेळाडूचा फायदा आणखी कसा कमी करतात?

'एकाने कापायचे, दुसऱ्याने निवडायचे' या तत्त्वाने. हेक्समध्ये, म्हणजे पटाच्या समोरासमोरच्या कडा सोंगट्यांनी जोडण्याच्या खेळात, पहिल्याने एक सोंगटी ठेवायची, दुसऱ्याने हवे तर ती बाजूच आपली म्हणायची. त्यामुळे पहिला जाणूनबुजून मध्यम दर्जाची चाल खेळतो. गोमोकूत, म्हणजे ओळीत पाच लावण्याच्या खेळात, नुसत्या मोकळ्या नियमांनी १५ बाय १५ वर काळा नक्की जिंकतो हे १९९० च्या दशकात सिद्ध झाले. त्यामुळे स्पर्धांत स्वॅप २ वापरतात: पहिला दोन काळ्या आणि एक पांढरी सोंगटी मांडतो. दुसरा काळी बाजू घेऊ शकतो, पांढरी घेऊ शकतो, किंवा आणखी एक काळी आणि एक पांढरी मांडून रंग निवडायचे पहिल्यावर ढकलू शकतो. रेन्जू या गोमोकूच्याच प्रकारात वेगळा उपाय आहे. तिथे काळ्याला दुहेरी तीन, दुहेरी चार (एकाच चालीत तिनांच्या किंवा चारांच्या दोन ओळी) आणि पाचांहून लांब ओळ करायला बंदी. पांढऱ्याला ही बंधने नाहीत. साइटवर गोमोकू लिहिलेले असते आणि लागू असतात रेन्जूचे नियम, असे झाले की 'मी पाचऐवजी सहा लावले, मग हरलो कसा' हा प्रश्न येतो.

फासे खरे असतात का? मला तर सारखे वाईटच पडतात.

फासे खरे असतात म्हणूनच अन्यायी वाटतात. दोन फाशांवर सात येण्याची शक्यता ३६ मध्ये ६, बाराची ३६ मध्ये १. पण बारा लागोपाठ दोनदा येऊ नये असे कुठे लिहिलेले नाही. या तक्रारींना कंटाळून कटानसारख्या खेळांच्या ऑनलाइन आवृत्त्यांत 'संतुलित फासे' असा पर्याय आला. त्याचा सोपा प्रकार म्हणजे ३६ शक्यतांची गड्डी पिसायची आणि एकेक पान काढायचे. पण त्याने खेळ बदलतो. गड्डीतून बारा निघून गेला की पुन्हा पिसेपर्यंत तो येणारच नाही, म्हणजे लक्ष ठेवणाऱ्याला आगाऊ माहिती मिळते. नशीब कमी झाले, पण स्मरणशक्तीची परीक्षा वाढली.

रिस्कच्या अधिकृत डिजिटल आवृत्तीतही असेच आहे. खऱ्या फाशांनी तीन विरुद्ध दोन लढतीत हल्लेखोर दोन्ही सैनिक मारण्याची शक्यता सुमारे ३७.२ टक्के, बचाव करणारा दोन्ही मारण्याची २९.३, आणि एकेक जाण्याची ३३.६. समान फासे पडले तर बचाव करणारा जिंकतो, तरीही हल्ला फायद्याचा. 'संतुलित' पर्याय मोठ्या लढाईतले टोकाचे निकाल छाटतो, म्हणजे वीस सैनिकांनी तिघांपुढे लोटांगण घालण्याचे प्रसंग जवळपास संपतात. मानांकनासाठी खेळत असाल तर तो बरा. मित्रांसोबत असाल तर खरे फासेच ठेवा, नाहीतर शिव्या कोणाला घालणार?

कटान आणि कार्कासोनमध्ये टेबल लावताना कोणते पर्याय बघावेत?

कटानमध्ये 'मैत्रीपूर्ण दरोडेखोर' चालू आहे का ते पाहा. तो असेल तर अगदी कमी गुण असलेल्या खेळाडूच्या जागेवर दरोडेखोर (तिथले उत्पन्न रोखणारी सोंगटी) बसवता येत नाही. सात पडल्यावर हातात सातपेक्षा जास्त पाने असतील तर निम्मी टाकायची हा मूळ नियम, पण मर्यादा बदलण्याची सोय काही ठिकाणी असते.

कार्कासोन या फरशा जोडून शहरे आणि शेते उभारण्याच्या खेळात प्रश्न आवृत्तीचा आहे. सुरुवातीच्या नियमांत दोन फरशांच्या छोट्या पूर्ण शहराला दोनच गुण होते, पुढे ते इतर शहरांसारखे चार झाले. शेतकऱ्यांची मोजणी तर पारच बदलली: आता प्रत्येक शेताला लागून असलेल्या पूर्ण शहरामागे तीन गुण. जुन्या डब्यातली पुस्तिका वाचून ऑनलाइन बसलेल्यांचा हिशेब इथे हमखास चुकतो.

डिप्लोमसीत गुणपद्धत विचारायची गरज काय? जिंकणे म्हणजे जिंकणेच ना?

एकट्याने नकाशावरची ३४ पैकी १८ केंद्रे (सैन्य पोसणारे प्रांत) घेतली तर, हो. पण बरेचसे ऑनलाइन डाव तिथवर पोचत नाहीत, बरोबरीत संपतात, आणि मग गुण कसे वाटायचे हा प्रश्न येतो.

समजा तिघे उरले: १७, १६ आणि १ केंद्र. एका पद्धतीत बरोबरीत असलेल्या सर्वांना समान वाटा, प्रत्येकी एक तृतीयांश. एक केंद्रवाल्यालाही तेवढेच. दुसऱ्या पद्धतीत वाटा केंद्रांच्या वर्गाच्या प्रमाणात: २८९, २५६ आणि १, एकूण ५४६. म्हणजे सुमारे ५३ टक्के, ४७ टक्के, आणि तिसऱ्याच्या पदरात ०.२ टक्के.

पहिल्या पद्धतीत दोघा मोठ्यांना तिसऱ्याला संपवण्याची घाई असते, तो गेला की तेहेतीसचे पन्नास होतात. दुसऱ्या पद्धतीत त्याच्याकडे कोणी ढुंकूनही बघत नाही, दोघे एकमेकांच्या केंद्रांवर टपलेले असतात. पट तोच, सैन्ये तीच, पण पत्रांतून कोणाला कोणती थाप मारायची हे गुणपद्धतीवर ठरते.

शिवाय 'गनबोट' असा पर्याय दिसला तर तिथे बोलणी बंद. नुसत्या हुकुमांवरून समोरच्याचा हेतू ओळखायचा. आणि ठरलेल्या वेळेत हुकूम न दिल्यास सैन्य जागेवरच उभे राहते. एक खेळाडू गायब झाला की त्याचा शेजारी आयता फुगतो, म्हणून चांगल्या टेबलांवर मुदत एकदा वाढवतात किंवा बदली खेळाडू घेतात.

घड्याळाचे एवढे प्रकार कशाला?

३+२ म्हणजे तीन मिनिटे आणि दर चालीला दोन सेकंदांची भर. ही भर घालण्याची कल्पना फिशरची. ब्रॉन्स्टीन पद्धतीत तुम्ही वापरलेलीच सेकंदे परत मिळतात, साठा वाढत नाही. डाव बुलेट (अतिजलद) की ब्लिट्झ (जलद) हे लिचेस चाळीस चाली धरून ठरवते: २+१ म्हणजे १२० अधिक ४०, एकूण १६० सेकंद, म्हणून ते बुलेट.

गोमध्ये ब्योयोमी असते, म्हणजे मूळ वेळ संपल्यावर मिळणारे जादा वेळेचे तुकडे. ५ वेळा ३० सेकंद याचा अर्थ एकूण अडीच मिनिटे असा नाही. एकोणतिसाव्या सेकंदाला चाल केली तर तो तुकडा तसाच शाबूत राहतो. तीस ओलांडले की एक तुकडा गेला. शिस्तीने खेळणाऱ्याला ही वेळ कधीच संपत नाही. कॅनेडियन प्रकारात ठरावीक मिनिटांत ठरावीक सोंगट्या खेळायच्या, त्या कशा वाटून घ्यायच्या ते तुमचे तुम्ही बघा.

बॅकगॅमनमध्ये अचानक डबल करता येत नाही, असे का?

ठरावीक गुणांपर्यंत अनेक डावांचा सामना खेळत असाल तर क्रॉफर्ड नियम. एखादा खेळाडू विजयापासून पहिल्यांदा एका गुणावर आला की पुढचा एक डाव घन, म्हणजे डावाचे गुण दुप्पट करण्याचा फासा, बंद. त्यानंतर पुन्हा खुला.

वेगळ्या प्रकारात हरलो तर नेहमीचे मानांकन घसरते का?

सहसा नाही. बहुतेक साइट प्रत्येक प्रकाराचे मानांकन वेगळे ठेवतात. लिचेसवर प्रत्येक प्रकार १५०० पासून सुरू होतो आणि आकड्यापुढे प्रश्नचिन्ह असते, म्हणजे अजून अंदाज पक्का नाही. तोवर एका डावाने मोठी उलथापालथ होते. दोन साइटवरचे आकडे एकमेकांशी ताडून पाहू नका, मोजपट्टीच वेगळी असते.

आम्ही गप्पांच्या खिडकीत ठरवले की पहिल्या पाच फेऱ्यांत कोणी हल्ला करायचा नाही. एकाने केला. तक्रार करता येईल का?

करता येईल, उपयोग होणार नाही. सर्व्हरला तुमचा करार माहीत नाही. तोंडी करार मोडणे हा रिस्क आणि डिप्लोमसीत खेळाचाच भाग आहे. उलट दोघांनी बाहेर संगनमत करून दर डावात एकमेकांना साथ देणे, किंवा एकानेच दोन खाती वापरणे, ही तक्रार नक्की ऐकली जाते. स्वतःचे नियम लावायचे असतील तर खासगी टेबल करा आणि मानांकन बंद ठेवा.

मध्येच इंटरनेट गेले तर?

दोन खेळाडूंच्या खेळात घड्याळ चालूच राहते. लिचेसवर समोरचा निघून गेला तर थोड्या वेळाने विजय किंवा बरोबरी घेण्याचे बटण येते, कोणते दाबायचे ते तुमच्या मनावर. अनेक खेळाडूंच्या टेबलावर बहुधा संगणक तुमची जागा घेतो, आणि परत आलात की खुर्ची मिळते की नाही हे साइटगणिक वेगळे. खेळायला बसण्याआधी हे एवढे तरी वाचून घ्या. मोबाइलवर खेळत असाल तर फोन आल्यावर ॲप मागे जाते आणि काही ठिकाणी तेवढ्यानेही तुम्ही गेलात असे धरले जाते.